शिंपीभाऊंचा फ्रीझर आणि आम्ही चार सुगरणी

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच करते आहे, पण मनाने पुरती वाकले आहे. तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला गेला की ते अजून डॉक्टरांना न विचारता स्वतःच स्वतःला औषधं देताहेत? सूनबाई बरी आहे ना? नातवाला दात आले का, आणि आले असतील तर तो कोणाला चावतो, हे सगळं सविस्तर कळव. आमच्याकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे म्हणून तसं लिहिते, पण तू त्यावर विश्वास ठेवू नकोस. मला धक्का बसला आहे. एक असता तर चहा पिऊन पचवला असता. इथे एकातून सावरावं तोवर दुसरा, असं चाललं आहे. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. हे मघाशी विचारून गेले, कोणाला लिहितेस म्हणून. मी म्हटलं, माझ्या सख्ख्या बहिणीला, जिला माझी कदर आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. या माणसाच्या न बोलण्याबद्दल पुढे येईलच.

तुला आमच्या खालच्या मजल्यावरचे शिंपीभाऊ आठवत असतील. मागे तुम्ही आला होतात तेव्हा भावोजींच्या कोटाची बाही त्यांनीच उसवून पुन्हा बसवून दिली होती. सडपातळ, गळ्यात टेप, कानावर खडू, ओठांत टाचण्या. टाचण्यांमुळे असेल, पण माणूस फार बोलत नाही. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. बायको काजं, बटणं, हातशिलाई बघायची. ती बिचारी जिन्यात पाय घसरून पडली आणि कमरेचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं, पण घरी कधी सोडतील ते डॉक्टर सांगत नाहीत, नुसते मान हलवतात. (ती मान हो म्हणून हलते की नाही म्हणून, तेही कळत नाही.) घरी दोन मुली, थोरली आणि धाकटी. त्यात शिंपीभाऊंची मोठी बहीण, म्हणजे मुलींची आत्या, दुसऱ्या गावी मुलींच्या वसतिगृहाची प्रमुख आहे. तिने भावाला फोनवर बजावलं, की तू दिवसभर मशिनवर, बायको अंथरुणावर, पोरींचं खाणंपिणं कोण बघणार? मी येऊन बघते. घर धड चाललेलं दिसलं नाही तर दोघींना घेऊन जाईन, शाळेतही इकडेच घालीन. हे मला कळलं ते मुलींच्या आईकडूनच. मी भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "वहिनी, काहीही करा, पण पोरींना जाऊ देऊ नका. मी घरी येईन तेव्हा दार त्यांनीच उघडलं पाहिजे." ताई, तुला माहीत आहे, मला असं कोणी म्हटलं की माझ्या अंगात काय संचारतं.

मी घरी येईपर्यंत सगळी योजना तयार होती. बिनबाईचं घर म्हणजे काय, तर उपासमार. (हे मी तेव्हा मानत होते. आता काय मानते ते विचारू नकोस.) रोज डबा द्यायचा म्हटलं तर आज कोणी विसरेल, उद्या कोणी पाहुणे आले म्हणून टाळेल. त्यापेक्षा एकदाच भरपूर रांधायचं, डब्यात भरायचं, गोठवून ठेवायचं. शिंपीभाऊंनी फक्त काढायचं आणि गरम करायचं. आत्या येईल तेव्हा म्हणेल, वा, काय घर चाललंय! मी इमारतीतल्या तिघींना गोळा केलं. समोरच्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. कोर्टात टायपिंग करतात त्या टायपिस्टबाई. आणि तळमजल्यावरच्या नर्सबाई. चौघीही एकापेक्षा एक सुगरणी, हे मी एकटीच म्हणत नाही, बाकीच्या तिघीही स्वतःबद्दल म्हणतात. शिंपीभाऊंना विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मोठ्या बाईंनी त्यांना कळवलं, एवढंच. ते म्हणाले, बरं.

पुढचा प्रश्न, गोठवायचं कशात? त्यांच्या घरातल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा एवढासा, त्यात एक डबा ठेवला तर दार लागत नाही. तेव्हा मी कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याला गाठलं. त्याने दुकान बंद करून मोबाइलची कव्हरं विकायला घेतली आहेत, त्यामुळे त्याचा तो मोठा आडवा फ्रीझर (वरून झाकण उघडतं तो) नुसता पडून होता. त्याने तो आनंदाने दिला. इतक्या आनंदाने, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. चार हमालांनी तो जिन्यातून चढवला. मागच्या खोलीत तो मावेना. पुढच्या खोलीत मावला, पण त्यासाठी शिंपीभाऊंचं कापड बेतायचं टेबल बाहेर गॅलरीत काढावं लागलं. मी म्हटलं, भाऊ, चालेल ना? ते म्हणाले, बरं. ताई, या माणसाचं "बरं" ऐकून मी किती खूश व्हायची! आता आठवलं की कान गरम होतात.

मग सुरू झाला स्वयंपाक. माझं स्वयंपाकघर लहान, म्हणून मोठ्या बाईंच्या घरी. भाड्याची भांडी आणली, उलथणी आणली, एक पातेलं तर असं की त्यात धाकटी मुलगी उभी राहिली असती. पोती फोडून बटाटे, डोंगराएवढा भोपळा, मसूर, वाटाणे. मी सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. कांदा चिरून चिरून आमचे डोळे असे सुजले, की वाटेत भेटणारे सांत्वन करायला लागले. आणि चुका म्हणशील तर विचारू नकोस. पहिल्या दिवशी नर्सबाईंनी रस्सा काचेच्या बरण्यांत काठोकाठ भरला. गोठताना तो फुगला आणि बरण्या तडातड फुटल्या. टायपिस्टबाईंनी कढत पातेलं जसंच्या तसं फ्रीझरमध्ये उतरवलं, तर आदल्या दिवशीचं गोठलेलं सगळं पाघळलं आणि शिंपीभाऊंच्या खोलीत मसुराचा ओहोळ आला. बटाट्याचं तर मला कोणी सांगितलंच नव्हतं. गोठवून काढलेला बटाटा खाल्ला आहेस का कधी? खाऊ नकोस. भांडी घासायचा स्पंज मीठ लावून खावा तसा लागतो. हे मला कळेपर्यंत आम्ही निम्म्या पदार्थांत बटाटा घालून बसलो होतो.

पण खरी गंमत (तेव्हा गंमत, नंतर गळफास) झाली ती डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची. शहाणी माणसं काय करतील? आत काय आहे ते वर लिहितील. आम्ही काय केलं? प्रत्येकीने आपापलं नाव लिहिलं. म्हणजे मी केलेल्या डब्यावर "वरच्या वहिनी", मोठ्या बाईंच्या डब्यावर "मोठ्या बाई". कारण उघड आहे. माझी चव नर्सबाईंच्या खात्यावर जमा झाली तर? आणि त्यांचं खारट माझ्या? मोठ्या बाईंनी तर लाल शाईने लिहून खाली रेघ मारली. त्यामुळे फ्रीझर उघडला की आत काय शिजलं आहे ते कोणालाच कळायचं नाही, पण इमारतीत कोण कोण राहतं ते नीट कळायचं.

शिंपीभाऊ मात्र तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. टेबल गेल्यावर ते फ्रीझरच्या झाकणावरच कापड पसरून बेतायला लागले. आम्ही डबे घेऊन गेलो की ते खडू कानावर ठेवायचे, कापडाची घडी घालायचे, टाचण्या वेचायचे, झाकण उघडून धरायचे. आम्ही डबे ठेवून गेलो की पुन्हा कापड पसरायचे. एका गिऱ्हाइकाची पँट म्हणे थंडगार पडली आणि तिला मसाल्याचा वास लागला. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं, बघा, किती सोयीचं झालं, बसल्या जागी टेबलही आणि जेवणही!

आणि आमच्या घरी? आमच्या घरी शांतता होती. मी दिवसभर बाहेर, घरी चूल थंड, आणि तरीही ह्यांची तक्रार नाही, सासूबाईंची कुरकुर नाही. एरवी भाताचा एक दाणा कमी शिजला तर सासूबाई दोन दिवस त्यावर बोलतात. मी संध्याकाळी मेल्यासारखी येऊन पडायची आणि विचारायची, जेवायचं काय? तर हे म्हणायचे, आमचं झालं, तू पड. मला भरून यायचं. वाटायचं, माझ्या सेवाभावाने या दोघांची मनं कशी मोठी केली! पाव खाऊन दिवस काढताहेत आणि हूं की चूं नाही. ह्यांचा पट्टा एक भोक सैल झाला होता, तोही मी पावाच्या नावावर घातला.

अशात एका दुपारी आत्या येऊन थडकली. फोन नाही, निरोप नाही. मी नेमकी तेव्हा मोठ्या बाईंबरोबर डबे ठेवायला खाली गेले होते. उंच, ताठ बाई. चष्मा साखळीला बांधलेला. हातात एक मोठी बॅग, आणि ती रिकामी. ताई, बॅग रिकामी आणली की ती कशासाठी आणली ते समजायला वेळ लागत नाही. दोन्ही मुली भिंतीला टेकून उभ्या. आत्याने खोलीभर नजर फिरवली, फ्रीझरवरच्या पँटीवर ती थांबली, आणि मग तिने पँट बाजूला केली आणि झाकण उघडलं.

मला वाटलं, आता वाहवा मिळणार. मी पदरही सावरला. आत्याने एक डबा काढला, चष्मा लावला, वाचलं, "वरच्या वहिनी." दुसरा काढला, "मोठ्या बाई." तिसरा, "नर्सबाई." मग ती खाली वाकून तळापर्यंत गेली, आणि तिच्यामागोमाग मीही डोकावले. आणि मला पहिला झटका बसला. तळाचे डबे आम्ही अगदी पहिल्या दिवशी ठेवलेले होते. एकालाही हात लागला नव्हता. वर पांढरंशुभ्र बर्फ साचलं होतं. ताई, एक डबासुद्धा खाल्ला गेला नव्हता! एवढं रांधलं, कंबर मोडली, डोळे सुजवले, आणि या माणसाने एक घास घेतला नव्हता! मला इतका राग आला की मी शिंपीभाऊंकडे बघितलं. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

आत्या म्हणाली, "म्हणजे घर शेजाऱ्यांच्या जिवावर चाललंय. आणि तेही नीट नाही. हे अन्न इथे पडून आहे, मग पोरी खातात काय?" शिंपीभाऊ गप्प. (का गप्प ते मला आता कळतं. मी रोज करतो म्हणावं, तर समोर आम्ही दोघी ताजे डबे घेऊन उभ्या.) आत्याने थोरलीला सांगितलं, कपडे आण. थोरलीने वाद घातला नाही. ती आत गेली आणि कपाटातून फ्रॉक काढून घड्या घालायला लागली, आईने शिकवल्यासारख्या, बाह्या आत घालून. धाकटीने माझा हात धरला. तिच्या आईने धरला होता तसाच.

ताई, माझा राग जागच्या जागी विरला. आपल्या डब्यांनीच पोरी चालल्या, हे एकदम लख्ख दिसलं. आणि पुढे माझ्या तोंडून जे निघालं ते कुठून आलं मला माहीत नाही. मी म्हटलं, "अहो, हे डबे यांचे नाहीतच. आमचे आहेत. आमच्याकडे जागा नाही म्हणून इथे ठेवलेत. तुमचे भाऊ रोज ताजं रांधतात. मुलींना घालतात, आणि आमच्या घरीसुद्धा तेच पाठवतात. मला स्वयंपाक येत नाही."

हे वाक्य मी उच्चारलं, ताई. मी! मोठ्या बाईंच्या हातातला डबा खाली पडला. आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, मग डब्यावर नाव कसं? मी म्हटलं, ज्याचा डबा त्याचं नाव. कोणासाठी आहे ते लिहायला नको का? पाहुण्यांसाठी मोठ्या हॉटेलातून मागवून ठेवतो आम्ही. आत्या म्हणाली, आणि या मोठ्या बाई? यांनाही येत नाही? मोठ्या बाईंनी आयुष्यात खोटं बोललेल्या पोरांचे कान पिळले आहेत. त्यांनी एकदा मुलींकडे बघितलं, मान वर केली आणि म्हणाल्या, "मला साधा भात लावता येत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. (खाली पडलेल्या डब्यात त्यांचा खास रस्सा होता, त्याचंही असेल.) नर्सबाई आणि टायपिस्टबाई तिथे नव्हत्या, तरी त्यांचंही नाव आम्ही परस्पर बुडवून टाकलं.

आत्या काही भोळी नाही. ती म्हणाली, तुमच्या घरच्यांना बोलवा, मी विचारते. ह्यांना बोलवायचं म्हणजे सगळं उघडं पडणार. या माणसाला खोटं बोलता येत नाही, वाढदिवसाची गुपितंसुद्धा कपाळावर दिसतात. मी काही बहाणा शोधते आहे, तेवढ्यात दार ढकलून कोण आत आलं असेल? आमचे हे. हातात घासलेलं पातेलं. मागे सासूबाई, हातात वाटी. हे कोणाकडेही न बघता सरळ शिंपीभाऊंना म्हणाले, "भाऊ, कालचा भोपळा फर्स्ट क्लास. आज काय आहे?"

माझं खोटं खरं होतं! रोज दुपारी, मी दुसऱ्याच्या घराला जेवू घालायला मोठ्या बाईंकडे राबत असताना, माझा नवरा आणि माझी सासू त्याच घरी पंगतीला बसत होती. आत्याने सासूबाईंना विचारलं, जेवण कसं असतं हो माझ्या भावाचं? सासूबाई म्हणाल्या, "साधंच असतं. पण मीठ बेताचं. हात चांगला आहे पोराचा." ताई, माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली. या बाईंच्या तोंडून मीठ बेताचं हे शब्द निघू शकतात हे मला माहीतच नव्हतं. पोरी वाचल्या म्हणून मला हसायचं होतं, आणि सासूबाईंचं ऐकून रडायचं होतं, दोन्ही एकदम यायला लागलं आणि मी जाऊन मशिनसमोरच्या स्टुलावर बसले.

आत्या आत गेली. गॅसवर आमटी आणि भात तयार होता. ओटा पुसलेला, ताटं पालथी घातलेली. तिने झाकण काढून वास घेतला, बोटभर चाखलं, आणि बाहेर येऊन थोरलीला म्हणाली, कपडे परत ठेव. बस्स, एवढंच. धाकटीने माझा हात सोडला आणि ती फ्रीझरवर चढून बसली.

तुला वाटेल, इथे संपलं. मला पण वाटलं. पण आत्याने बॅग कोपऱ्यात ठेवली आणि आमच्याकडे वळली. चार संसारी बायका आणि एकीलाही रांधता येत नाही, हे तिच्या वसतिगृही मनाला सहन होईना. ती म्हणाली, भावाच्या जिवावर अख्खी इमारत जेवते हे बरं नाही, त्याला त्याचं काम आहे. मी आले आहे तोवर तुम्हाला शिकवते. आणि शिकवते आहे, ताई! रोज दुपारी मोठ्या बाईंच्या स्वयंपाकघरात वर्ग भरतो. पहिल्या दिवशी आम्ही पाणी उकळायला शिकलो. मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखालून अर्धं गाव शिकून गेलं, त्या आज सुरी चुकीची धरली म्हणून ओरडा खातात. नर्सबाईंनी सवयीने डाळ पटकन फोडणीला घातली तेव्हा मी हळूच त्यांना लाथ मारली, मग त्यांनी ती मुद्दाम करपवली. माझं म्हणशील तर मी खोटं खोटं वाईट चिरायचं ठरवून कांदा घेतला आणि चिरला, तर आत्या म्हणाली, असा नाही, आणि करून दाखवलं. तिचा खरंच बारीक होता. हाही एक धक्काच.

फ्रीझर परत गेला. (आइस्क्रीमवाला घेईना, मोठ्या बाईंनी रोखून बघितल्यावर घेतला.) डबे ज्याच्या त्याच्या नावाने घरी परतले, आणि आम्ही चौघी आपापला बटाट्याचा स्पंज मुकाट्याने खातो आहोत. शिंपीभाऊंचं टेबल आत आलं. मी त्यांना एकट्याने गाठून विचारलं, की भाऊ, मेलं एकदा तरी सांगायचं होतं, नको म्हणून! त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या, म्हणजे बोलायचं ठरवलं. म्हणाले, "वहिनी, हिला भेटायला जातो तेव्हा रोज सांगायला काहीतरी लागतं. हाड कसं आहे, दुखतं का, किती वेळा विचारणार? मग तुमच्या फ्रीझरचं सांगतो. बरण्या फुटल्या, मसूर वाहिला. ती हसते. हसताना कळ येते तिला, तरी पुढे काय झालं म्हणून विचारते." मग म्हणाले, "आणि तुम्ही माझ्या घरासाठी राबत होतात. तुमच्या घरची माणसं पाव खाताना बघवेना." आणि पुन्हा टाचण्या तोंडात. मी वर आले आणि दार लावून रडले. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

ह्यांना मी विचारलं, तुम्ही का नाही बोललात? हे म्हणाले, तू इतकी आनंदात होतीस. आता यावर काय बोलायचं तूच सांग.

भावोजींना नमस्कार, सूनबाईला आणि नातवाला आशीर्वाद. कंबर सरळ झाली की भेटायला येईन.

तुझी,
धाकटी

ता. क. हे पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. ते हसताना खोकतात.

आणखी ता. क. आता या पत्राचं खरं कारण. मी वर आत्या "दुसऱ्या गावी" असते असं लिहिलं ते मुद्दाम. ते गाव तुझंच आहे. घाबरू नकोस. त्या दिवशी तिने विचारलं, की घरी कोणी कसं शिकवलं नाही तुम्हाला? मी खोट्याच्या भरात बोलून गेले, की माझी थोरली बहीण तुमच्याच गावात आहे, तिलाच विचारा मला लहानपणापासून काही येत नाही ते. तिने तुझा पत्ता उतरून घेतला. रविवारी ती परत निघणार आहे, आणि बाई बोलते तसं करते. मुलींची आई अजून घरी आलेली नाही. तू जर बहिणीच्या प्रेमाने म्हणालीस, की छे हो, आमची धाकटी म्हणजे हाताला चव, तर आम्ही सगळे खोटे ठरू, आणि ती रिकामी बॅग घेऊन उलटपावली येईल. तेव्हा ताई, तुझ्या पाया पडते. मला भाकरी भाजता येत नाही, भात करपतो, दूध उतू जातं, जे सुचेल ते सांग. हे म्हणतात, ताईंना फारसं खोटं बोलावं लागणार नाही. त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही, तूही देऊ नकोस.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहिते. आत्ता थोरली फोन घेऊन वर आली. दवाखान्यातून तिची आई बोलत होती. शिंपीभाऊंकडून तिला सगळं कळलंय. आवाज अगदी बारीक झालाय गं तिचा. म्हणाली, "वहिनी, घरी आले की पहिला घास तुमच्या हातचा खाणार. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही." इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि नेमकी आत्या माझ्या दारात उभी, उद्याच्या वर्गासाठी कांदे घेऊन. मी फोनवर मोठ्याने म्हटलं, "अगं, मला कुठे काय येतं! तुझा नवरा करेल, त्याच्या हातचं खा." पलीकडे ती हसायला लागली. बराच वेळ हसत होती. ताई, ते बोलताना मला जराही वाईट वाटलं नाही. सगळ्यात मोठा धक्का तोच आहे. तेव्हा आत्या आली की तिला ठणकावून सांग, आमच्या धाकटीला काही म्हणजे काही येत नाही.